बोर्डाच्या कडेवर

लग्न होऊन मी ओहायोत डब्लिनला आले, तेव्हा माझ्याकडे स्टॅटिस्टिक्सची एम.एस्सी. होती, अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवल्याचा अनुभव होता आणि पासपोर्टवर डिपेंडंट व्हिसा होता. या व्हिसावर नोकरी करता येत नाही, त्यामुळे पहिल्या दोन गोष्टी सुटकेसमध्येच राहिल्या. नवरा एका इन्शुरन्स कंपनीत होता. तो सकाळी गेला की अपार्टमेंटमध्ये मी, हीटरची घरघर आणि खिडकीबाहेरचं पार्किंग. अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. इथे जानेवारीत दिसत नव्हतं. घरात बसून राहण्याची मला तशी सवय होती, पण ती वाळ्याच्या पडद्याआड, चार माणसांत.

त्या हिवाळ्यात नवऱ्याच्या टीमने सगळ्यांना बायकामुलांसकट स्की करायला नेलं. डब्लिनहून उत्तरेला तासा-सव्वातासाच्या अंतरावर, दोन्हीकडे कापणी झालेली मक्याची शेतं, आणि त्यांच्या मधोमध अचानक एक टेकडी. पुण्याच्या पर्वतीपेक्षा फार उंच नसेल. डोंगराळ भागातून आलेला माणूस तिला हसला असता, पण ओहायोत जे काही होतं ते एवढंच. बर्फसुद्धा निम्माअधिक मशीनने फवारलेला.

नवऱ्याने स्की घेतल्या. मी भाड्याचा स्नोबोर्ड घेतला, कारण पायाला दोन फळ्या बांधण्यापेक्षा एक बरी, असा माझा हिशोब. तो हिशोब चुकला. तासाभरात मी इतक्या वेळा माकडहाडावर आपटले, की शेवटी उताराच्या पायथ्याशी कुंपणाला टेकून नुसती बघत बसले.

सगळे जण बर्फ खरवडत खाली येत होते. नारळ खवताना होतो तसा आवाज. मग वरून एक जण आला, तो मात्र आवाज न करता. वळताना तो घसरत नव्हता. बोर्ड एका कडेवर उभा राहायचा, माणूस बर्फाकडे इतका कलायचा की हातमोजा जमिनीला टेकतोय की काय असं वाटावं, आणि मग सावकाश तो दुसऱ्या कडेवर जायचा. मागे बर्फात शिसपेन्सिलीने काढावी तशी एक बारीक रेघ राहायची. त्याचा बोर्ड इतरांपेक्षा अरुंद होता. पायांत आमच्यासारखे मऊ बूट नव्हते, स्कीवाल्यांचे असतात तसे प्लॅस्टिकचे टणक बूट होते, आणि दोन्ही पाय आडवे नव्हे, समोरच्या दिशेला वळवलेले.

तो माझ्यापासून काही पावलांवर थांबला. बूट सोडवायला वाकला, आणि खटक्यात त्याचं बोट सापडलं.

"आयला!" तो म्हणाला.

मी ताडकन उठले. "काका, लागलं का?"

त्यांनी गॉगल वर केला. पासष्टीच्या आसपासचे, पांढऱ्या मिशांवर बर्फाचे कण. "तू मराठी? कुठली?"

"अकोल्याची."

"वऱ्हाडातली! मी नागपूर मेडिकलचा. अकोल्याच्या पोरीला बर्फात बघायचं म्हणजे..." त्यांनी बोट तोंडात घातलं.

काका निवृत्त भूलतज्ज्ञ होते. साठच्या दशकाच्या शेवटी इकडे आले ते इथलेच झाले. स्की करायचे, पण पन्नाशीनंतर गुडघे कुरकुरायला लागले म्हणून या अरुंद बोर्डाकडे वळले. त्यांचं मराठी ते निघाले त्या साली थांबलेलं होतं. गाडीला ते मोटार म्हणायचे, छान झालं की 'झकास' म्हणायचे. मी बोलता बोलता 'यार' म्हटलं की मान वाकडी करून बघायचे.

मी विचारलं, "हे शिकायला काय करावं लागतं?"

"दिवसा काय करतेस तू?"

"काहीच नाही."

"मग झालं तर. मी दर मंगळवारी नि गुरुवारी सकाळी इथे असतो. कोणी नसतं तेव्हा. मोटारीत जागा आहे. पण आधी तुम्ही दोघं घरी जेवायला या. काकूला विचारल्याशिवाय मी कोणाला इकडे आणत नाही."

काकू बुटक्या, गोऱ्या, आवाजाने खणखणीत. त्यांनी पिठलं-भाकरी केली होती. जेवताना त्या मला म्हणाल्या, "हे सांगतात ते सगळं ऐकू नकोस. आणि हेल्मेट घातल्याशिवाय त्या टेकडीवर पाऊल टाकायचं नाही." मग माझ्या नवऱ्याकडे वळून, "तुम्हाला चालणार आहे ना, हिने गेलेलं?"

नवरा म्हणाला, "मला चालेल हो. फक्त पॉलिसीत स्नोबोर्डिंग कव्हर होतं का, ते उद्या ऑफिसात बघतो." त्याने खरंच बघितलं.

पहिला हिवाळा मी भाड्याच्या बोर्डावर आणि मऊ बुटांवरच काढला. आठवड्यातल्या सकाळचा स्वस्त पास मिळायचा, तो घेतला. मला घाई होती, पण काका हार्ड बुटांचं नावही काढू देत नव्हते. "आधी साध्या बोर्डावर दोन्ही बाजूंना वळायला शीक. लिहिता येत नाही आणि फाउंटन पेन पाहिजे म्हणे." टेकडी एवढीशी, की वरून खाली यायला मिनिटभर लागायचं आणि लिफ्टच्या पाळण्यातून वर जायला त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे आमचं शिक्षण बहुतेक लिफ्टमध्येच झालं. त्यात स्नोबोर्डिंग थोडं आणि नागपूरचं हॉस्टेल जास्त.

उन्हाळ्यात मी इंटरनेटवर वाचत बसले. हार्ड बूट घालून कार्व्हिंग करणारी, म्हणजे काकांसारखी बोर्डाच्या कडेवर वळणारी माणसं तेव्हाही थोडीच होती आणि सगळी एका फोरमवर भेटायची. टोपणनावांनी एकमेकांशी बाइंडिंगच्या कोनांवरून भांडायची. नवीन सामान घेणं आमच्या एका पगारात बसणारं नव्हतं. जुनं मिळायचं, पण ते सगळं सहा फुटी पुरुषांचं. माझा पाय पाहून बाटाच्या दुकानात मला शाळेचे बूट दाखवायचे. अशा पायाचे हार्ड बूट कोण विकणार?

काकांनी नियम घालून दिला होता. "बोर्ड जुना चालेल. बूट कुठलेही चालतील, पण पायात घट्ट बसले पाहिजेत आणि प्लॅस्टिक फार जुनं नको, थंडीत तडकतं. बाइंडिंगमध्ये मात्र कंजूषपणा नको. ते तुटलं तर पाय जातो."

बाइंडिंग म्हणजे बूट बोर्डाला पकडून ठेवणारी धातूची पट्टी आणि खटका. त्याचा एक जवळजवळ कोरा जोड काकांनी कधीतरी सेलमध्ये जास्तीचा घेऊन ठेवला होता. तो ते मला असाच देऊ लागले. मी नको म्हणत राहिले, ते घे म्हणत राहिले. शेवटी काकू मध्ये पडल्या. "असं कर, मला कॉम्प्युटर शिकव. कॅलिफोर्नियाहून मुलगी नातवाचे फोटो पाठवते, ते बघायला मला ह्यांच्या विनवण्या कराव्या लागतात. हे दहा मिनिटं फोटो दाखवतात आणि तासभर ईमेल म्हणजे काय ते सांगतात." सौदा ठरला. महिन्याभरात काकू फोटो बघायला, मोठे करायला आणि मुलीला मराठीत पण इंग्रजी अक्षरांत उत्तर लिहायला शिकल्या. मुलीचं उत्तर इंग्रजीतच यायचं. काकूंना त्याचं काही वाटत नव्हतं.

ऑक्टोबरात जवळच्या एका शाळेच्या जिममध्ये जुन्या स्कीच्या सामानाचा बाजार भरला. इकडे त्याला स्की स्वॅप म्हणतात. बास्केटबॉलच्या कोर्टावर टेबलं मांडलेली, त्यांवर बुटांचे ढीग. काकूंना बर्फ आवडत नसला तरी बाजार आवडायचा, म्हणून त्याही आल्या. मी आणि काका बायकांच्या बुटांच्या टेबलाशी प्रत्येक जोड उलटा करून बघत होतो आणि प्रत्येक जोड मोठा निघत होता. तेवढ्यात लांबून हाक आली.

"अगं, इकडे ये! हे बघ."

काकू लहान मुलांच्या टेबलाशी उभ्या होत्या. हातात पिवळेजर्द बूट, टाचेवर बेडकाचं स्टिकर. शाळकरी मुलांच्या शर्यतींसाठीचे रेसिंग बूट.

"मुलांचे आहेत काकू."

"मग? तुझा पाय काय हत्तीचा आहे? घालून बघ."

मी घातले. घट्ट बसले. काकांनी गुडघ्यांवर बसून माझी नडगी पुढे दाबली, घोटा किती वाकतो ते पाहिलं आणि बायकोकडे मान वर करून म्हणाले, "मला कसं नाही सुचलं?" मोठ्या माणसांचे रेसिंग बूट इतके ताठ असतात की माझ्या वजनाने ते हललेही नसते. मुलांचे बूट थोडे मऊ, नेमके हवे तसे, आणि किमतीला मोठ्यांच्या बुटांच्या निम्म्याहून कमी. पैसे घेणाऱ्या बाईने प्रेमाने विचारलं, तुमची मुलगी किती वर्षांची आहे? मी म्हटलं, एकोणतीस.

बोर्ड मिळाला संक्रांतीच्या सुमाराला. मिशिगनमधल्या एकाने फोरमवर जाहिरात टाकली होती. छोटा अल्पाइन बोर्ड, काकांच्या बोर्डासारखाच अरुंद, वजनाने हलक्या माणसासाठी. नवऱ्यानेच ती ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत शोधली. अजून तो स्वतःला या प्रकरणाबाहेरचा समजत होता. त्याच शनिवारी आम्हाला डेट्रॉइटकडे त्याच्या मित्राकडे हळदीकुंकवाला जायचं होतं, म्हणून विकणाऱ्याने हायवेच्या कडेला एका रेस्टॉरंटच्या पार्किंगमध्ये भेटायचं ठरवलं.

मी काळी पैठणी नेसले होते, वर फुगलेलं जॅकेट, खाली बर्फातले गमबूट. तो माणूस पिकअपमधून उतरला आणि आमच्याकडे न बघता आजूबाजूला बघू लागला. मग त्याला कळलं की गिऱ्हाईक मीच. त्याने बोर्ड माझ्यापुढे उभा धरला. माझ्या हनुवटीपर्यंत आला. कड कुठे गंजली आहे, कुठे दुरुस्त केली आहे, ते त्याने न विचारता दाखवलं. बोर्ड त्याच्या बायकोचा होता. ती आता दुसऱ्यांदा आई होणार होती आणि तिने सांगितलं होतं, गॅरेज मोकळं कर.

"तुम्ही खरंच याच्यावर जाणार?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"प्रयत्न करणार."

मी पर्समधल्या डब्यातला एक तिळाचा लाडू त्याला दिला. तीळगूळ घ्या, गोड बोला, याचं इंग्रजी करून सांगायचा नवऱ्याने प्रयत्न केला. त्या माणसाने लाडू तिथेच उभ्या उभ्या खाल्ला आणि आणखी एक बायकोसाठी मागितला.

पुढच्या मंगळवारी मी पहिल्यांदा दोन्ही पाय पुढे करून त्या अरुंद फळीवर उभी राहिले आणि मागच्या वर्षी शिकलेलं सगळं विसरले. मऊ बुटांत घोट्याने थोडं इकडेतिकडे सावरता येतं. इथे घोट्याला कोणी विचारत नव्हतं. बोर्ड रुळावरच्या गाडीसारखा सरळ धावायचा आणि मी घाबरून त्याला पायाने ढकलायला गेले की पाठीवर पडायचे.

"ढकलू नकोस," काका ओरडायचे. "त्याला वळवू नकोस. कडेवर ठेव आणि वाट बघ. बोर्डाची कंबर बारीक केलीय ती उगाच नाही, तो आपोआप वळतो."

चवड्यांच्या बाजूला मला ते आठवड्याभरात जमलं. टाचांच्या बाजूला जमेना. तिकडे पाठ दरीकडे कलते, म्हणजे जिथे काही दिसत नाही तिथे आपलं वजन टाकायचं. मी प्रत्येक वेळी खुर्चीत बसल्यासारखी बसायचे आणि बोर्ड खालून निसटायचा. घरी आल्यावर नवरा गरम पाण्याची पिशवी घेऊन तयार असायचा. अकोल्याला फोन केला की आई विचारायची, "आवाज असा का येतोय तुझा?" मी उताणी पडून बोलत असायचे.

एकदा लिफ्टमध्ये मी काकांना म्हटलं, "मला नाही जमत हे. सोडून द्यावं म्हणते."

मला वाटलं ते समजूत घालतील. ते म्हणाले, "दे की सोडून. कोणी बांधून घातलंय का?" खाली नुकतंच बर्फ सपाट करणारं मशीन फिरून गेलं होतं आणि सगळा उतार कंगव्याने विंचरल्यासारखा दिसत होता. वर पोचताना ते म्हणाले, "सोडण्याआधी एक कर. टाचेवर असताना मागचा हात पुढच्या बुटाकडे ने. लाव बुटाला. मग बसायला जागाच उरत नाही."

मी हात नेला. कंबर सरळ झाली, बोर्ड टाचेच्या कडेवर उभा राहिला, आणि मी वाट बघितली. एवढीच वाट बघायची असते हे मला माहीत नव्हतं. बोर्डाने बर्फ धरला. धरला म्हणजे हाताने धरावा तसा. मी उताराला आडवी झाले, मग थोडी वरच्या बाजूला वळले आणि थांबले. अजिबात न घसरता. आजूबाजूला काही आवाज नव्हता. मी तिथेच उभी राहून रडले, आणि गॉगलला आतून वाफ धरल्यामुळे पुढचं वळण मला दिसलंच नाही आणि मी पडले.

फेब्रुवारीत एका सोमवारी सरकारी सुट्टी होती. काका सहसा सुट्टीच्या दिवशी जात नसत, पण रात्री थोडा खरा बर्फ पडला होता आणि त्यांना राहवलं नाही. टेकडी माणसांनी भरलेली. मी त्यांच्या मागे होते, त्यामुळे मला सगळं दिसलं. भाड्याच्या स्कीवरचा एक तरुण वरून सरळ रेषेत आला, दोन्ही हात हवेत, थांबायचं कसं ते त्याला माहीत नव्हतं. काका डाव्या वळणात होते. तो त्यांच्या पाठीवर आदळला.

मी पोचले तेव्हा काका उताणे पडून आकाशाकडे बघत होते.

"काका!"

"क्लॅव्हिकल," ते शांतपणे म्हणाले. "डावं, खांद्याजवळचं हाड. बाकी काही नाही. मला उठवू नकोस, स्की पट्रोलवाल्यांना बोलाव. आणि त्या पोराला सांग, रडू नकोस म्हणावं."

तो तरुण खरंच रडत होता. टेकडीवर गस्त घालणाऱ्या त्या पट्रोलवाल्यांनी काकांना घसरगाडीवरून खाली आणलं, हात गळ्यात बांधून दिला. अँब्युलन्स बोलावू म्हणाले. काका नाही म्हणाले. हाड सरकलेलं नाही, श्वास नीट आहे, घराजवळच्या हॉस्पिटलात जाईन. आणि माझ्याकडे मोटारीच्या किल्ल्या टाकल्या.

मला लायसन्स मिळून दोन महिने झाले होते. मी लायब्ररीपर्यंत आणि ग्रोसरीपर्यंत ड्राइव्ह करत होते. फ्रीवेवर कधी गेले नव्हते, आणि काकांची ती भली मोठी व्हॅन तर कधी चालवलीच नव्हती.

"काका, मला हायवेवर भीती वाटते."

"मलाही वाटते. चल."

मी सीट पुढे ओढली. मक्याच्या शेतांमधले रस्ते बरे गेले. मग तो चढ आला, जिथून फ्रीवेवर शिरायचं. उजवीकडून आमचा रस्ता, डावीकडे ट्रकमागून ट्रक. माझा पाय आपोआप ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको," काका म्हणाले. वेदनेने त्यांचा आवाज बारीक झाला होता. "वेग वाढव. आरशात बघ. तो लाल ट्रक गेला की मागे जागा आहे. दिसली? घे. आत घे. घे!"

मी घेतली. व्हॅन आत शिरली. मागच्याने हॉर्नही वाजवला नाही.

"झकास," काका म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. हॉस्पिटलपर्यंत ते पुन्हा बोलले ते फक्त एक्झिट सांगायला. मी मात्र सगळा वेळ मोठ्याने बोलत होते, काय बोलत होते ते आठवत नाही. बहुधा पाढे म्हणत होते.

काकू हॉस्पिटलात आल्या त्या आधी मला बघायला आल्या. माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. मग काकांकडे गेल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. ते शब्द संध्याकाळी घरी निघाले. मी स्वयंपाकघरात मऊ भात करत होते आणि बाहेर काकूंचा खणखणीत आवाज चालला होता. अडुसष्ट वर्षांचा माणूस. सुट्टीच्या दिवशी. शिकल्यासवरलेला. मध्येच कॅलिफोर्नियाहून फोन आला आणि मुलीनेही स्पीकरवर सुनावलं, "डॅड, दॅट्स इट. यू आर डन." काका 'हो हो' म्हणत राहिले.

थोड्या वेळाने काकू आत येऊन ओट्याला टेकल्या.

"तू जाणार आहेस अजून?"

मी भात ढवळत राहिले. खोटं बोलावंसं वाटत होतं. "जाईन बहुतेक काकू."

त्यांनी मेतकुटाची बरणी काढून माझ्यापुढे ठेवली. "जा. पण आठवड्यातल्या दिवशीच."

पुढचा हिवाळा मी एकटीने काढला. फ्रीवेची भीती त्या सोमवारी संपली नव्हती, पण कमी झाली होती, आणि आम्ही जुनी दुसरी गाडी घेतली होती. सकाळी टेकडी उघडायच्या वेळेला मी तिथे असायचे. नुकताच विंचरलेला उतार आणि मी. दोन्ही बाजूंची वळणं आता एकमेकांना जोडली जात होती. लिफ्ट मात्र फार लांब वाटायची. पाळण्यातली शेजारची जागा मोकळी असली की मिनिटं सरत नाहीत. एक-दोनदा मी वर जाताना मराठीत बडबडलेही.

काकांचं हाड केव्हाच जुळलं होतं. बोर्ड मात्र तळघरात गेला तो गेला. मी भेटायला गेले की ते टीव्हीपुढे असायचे, किंवा खिडकीतून पक्ष्यांच्या दाण्याच्या डब्यावर आलेल्या खारीला हाकलत असायचे. मी बर्फाचा विषय काढायचे नाही. तेही काढायचे नाहीत. पण निघताना दारात हळूच विचारायचे, "कड धरतो का गं बर्फ सध्या?"

मार्चच्या सुरुवातीला काकूंचा फोन आला. त्यांनी प्रस्तावना केली नाही.

"ह्यांना घेऊन जा बाई एकदा तिकडे. दिवसभर नुसता फ्रीज उघडतात आणि बंद करतात. घेत काही नाहीत. उघडतात आणि बंद करतात."

"पण काकू, कॅलिफोर्नियाच्या ताईने सांगितलंय ना..."

"तिला मी बघते. मलाही येता येईल ना? मी खाली बसेन चहा घेऊन."

गुरुवारी आम्ही तिघं गेलो. ऊन होतं, बर्फ वरून ओलसर झालेला, पार्किंगमध्ये मोजक्या गाड्या. काकांनी बूट चढवायला फार वेळ लावला. मी मदतीला पुढे झाले तर काकूंनी डोळ्यांनी मला थांबवलं. पहिल्या फेरीला ते अगदी सावकाश, उताराच्या कडेकडेने उतरले, वळणं लहान, उभे राहूनच. दुसऱ्या फेरीला गुडघे वाकले. तिसऱ्या फेरीला ते माझ्यापुढे गेले आणि मी मागून बघत राहिले. डाव्या वळणात ते थोडे बिचकायचे, तेवढंच. खाली आल्यावर त्यांनी हेल्मेट काढलं, केस घामाने चिकटले होते, आणि ते नुसते हसत होते.

काकू लाकडी बाकावर थर्मास घेऊन बसल्या होत्या. त्यांनी काकांना चहा दिला आणि मला म्हणाल्या, "ते पाळणे माणसाला वर नेतात आणि परत आणतात का? की वर गेलं की घसरतच यावं लागतं?"

लिफ्ट चालवणारा म्हातारा काकांना वर्षानुवर्षं ओळखत होता. मी त्याला विचारलं. त्याने काकूंकडे पाहिलं, त्यांच्या शालीकडे आणि स्वेटरवर नेसलेल्या साडीकडे पाहिलं, रिकाम्या रांगेकडे पाहिलं, आणि लिफ्ट पूर्ण थांबवली. मी बोर्ड काढून ठेवला आणि काकूंच्या शेजारी बसले. त्याने दांडा खाली ओढून दिला. पाळणा हलला तशी काकूंनी माझी बाही घट्ट धरली.

अर्ध्या वाटेवर त्यांनी ती सोडली. खाली काका चहाचा पेला घेऊन बाकाशी उभे होते, एवढेसे दिसत होते. काकूंनी त्यांना हात केला नाही, पण बघत राहिल्या. मग मान वळवून त्यांनी चारी दिशा पाहिल्या. क्षितिजापर्यंत मक्याची रिकामी शेतं, मध्ये बर्फाचे पट्टे, लांब कुठेतरी धान्य साठवायचा एक उंच सायलो.

"इतकी वर्षं हे मला सांगतात, वरून काय दिसतं, वरून काय दिसतं," काकू म्हणाल्या. "इथून तर नुसती शेतं दिसतात."

"हो काकू."

"छान आहेत पण," त्या म्हणाल्या, आणि शाल कानांवरून घट्ट गुंडाळून घेतली.